जाणाऱ्यांना सवला नेणारे सर

सर येडे होते का, असं मला पोलादपुरात अजून कोणी ना कोणी विचारतं. मी सांगतो, होते. येडे नसते तर एवढी वर्षं इथल्या कॉलेजात राहिले असते का? आता ते घाट चढून त्यांच्या गावी भावाकडे राहतात. ते इथं नाहीत म्हणून त्यांच्याबद्दल गोड बोलायचं, हे मला जमणार नाही. जसे होते तसे सांगतो.

मी त्या कॉलेजात शिपाई होतो. चौथी शिकलो, पुढं शाळा सुटली. आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, घरी खानावळ चालवायची. घराच्या मागं दोन खोल्या होत्या, त्या प्राध्यापकांना भाड्यानं द्यायचो. आम्ही बौद्ध. आमचं आडनाव ऐकून काही जण दुसरीकडे जेवायला जायचे. आमची त्यांना दारातून सांगायची, "जावा, तिकडं डाळ पातळ असते." सर पहिल्या दिवशी आले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, मासे करता का. हो म्हटल्यावर चपला काढून बसले ते बसलेच. मागची एक खोलीही त्यांनीच घेतली.

रसायन शिकवायचे. एकच करडा सफारी, त्याला तेजाबाची बारीक भोकं. ताटात काही वाढलं की आधी नाक खाली नेऊन हुंगायचे आणि मगच घास घ्यायचे. आमचीला त्याचा भारी राग. एकदा तिनं सुकट वाढून ताट परत ओढून घेतलं. म्हणाली, "मी काय विष घातलंय? हुंगायचं तर प्रयोगशाळेत जाऊन हुंगा." सर म्हणाले, "वहिनी, सवय आहे. तिथं न हुंगता काही तोंडात घातलं तर मरेन." ती म्हणाली, "नि इथं हुंगून खाल्लंत तर उपाशी मराल." तरी हुंगायचं सोडलं नाही. शेवटी तिनंच सोडून दिलं.

आमच्या कॉलेजात प्राध्यापक टिकत नाहीत. हे मी शिपाई होतो तेव्हाही होतं, आजही आहे. स्टाफरूममधल्या कपाटांवर नावाच्या चिठ्ठ्या असायच्या. कोणी गेलं की मी जुनीवर नवी चिकटवायचो. खरवडायला वेळ कोणाला? एकेका कपाटावर चिठ्ठ्यांचा असा थर झालेला की दार लागायचं नाही. बहुतेक जण तासिकेवरचे. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, तेही कधी तरी, आणि वर्ष संपलं की नेमणूक संपली. रसायनवाल्यांना तर महाडच्या एमायडीसीतल्या कंपन्या बोलवूनच न्यायच्या. पोरगा चांगला शिकवायला लागला की समजायचं, आता हा जाणार.

कोणी चाललं की कॉलेजात निरोप समारंभ व्हायचा. शाल, श्रीफळ, दोन भाषणं. सर त्याला कधी गेले नाहीत. म्हणायचे, "गळ्यात हार असला की माणूस खरं बोलत नाही. आणि हार घालणारा तर मुळीच नाही." त्यांची रीत वेगळी होती. जाणाऱ्याला ते त्याच्या शेवटच्या रविवारी सवला, म्हणजे महाडजवळच्या सव गावी घेऊन जायचे, नदीकाठच्या गरम पाण्याच्या कुंडावर. एसटीनं महाड, तिथून मिनीडोर रिक्षा. मी बरोबर असायचोच, कारण डबा माझ्या हातात असायचा. आमची तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं बांधून द्यायची आणि म्हणायची, "नेलात आणखी एकाला शिजवायला?"

कुंडाच्या काठावर बसायचं, पँट गुडघ्यापर्यंत वर घ्यायची, पाय पाण्यात सोडायचे. पाणी असं कढत की नवीन माणूस पाय लावतो आणि ओढून घेतो. सर आपले पाय सोडून शांत बसायचे आणि विचारायचे, "का चाललात?"

सगळ्यांचं पहिलं उत्तर एकच, पगार. सर मान हलवायचे, म्हणायचे, "बरोबर. आणखी बसू." थोड्या वेळानं दुसरं उत्तर निघायचं. गाव लांब पडतं, आई आजारी आहे, बायकोला इथला पाऊस सोसत नाही. सर म्हणायचे, "हेही बरोबर. बसू." पाय लाल व्हायचे, घाम यायचा, आणि मग कुठं तिसरं उत्तर निघायचं. मी कडेला बसून ऐकायचो. ते तिसरं उत्तर पगाराचं कधी नसायचं.

विदर्भातला एक इंग्रजीचा पोरगा होता. हसरा. तिसऱ्या वेळेला म्हणाला, "सर, महिना झाला, मी शिकवलंच नाही. कॉलेजची तपासणी येणार म्हणून फायली भरतोय. पोरं वर्गाच्या दारातून बघतात आणि परत जातात. मी शिकवायला आलो होतो हो." आणि पाण्यात पाय ठेवून रडायला लागला. मी म्हटलं, भाकरी खा आधी.

एक गणितवाला होता. तो तिसऱ्याच काय, दुसऱ्याच दमात म्हणाला, "खरं सांगू का सर? तुमच्यामुळं जातोय." मला वाटलं, आता सर पाणी उडवतील याच्यावर. सर म्हणाले, "कसं काय?" तो म्हणाला, तुम्ही माझ्या वर्गाच्या दाराशी उभे राहता, आणि चुकलं की पोरांसमोर सांगता. ते खरंच होतं. सरांना ती खोड होती. विषय कोणाचाही असो, हे दारात. त्यानंतर दुसऱ्याच्या वर्गासमोरून जायचं असलं तर सर मैदानातून वळसा घालून जायचे. भर पावसात छत्री घेऊन चिखलातून जाताना बघून पोरं हसायची. पोरांना काय ठाऊक.

त्यांच्याच विभागातला एक पोरगा कंपनीत गेला. चांगली नोकरी, चारचाकी घेतली. एकदा कंपनीच्या सुट्टीच्या वारी कॉलेजच्या गेटपाशी गाडी लावून उगाच उभा. सरांनी विचारलं, काय रे? म्हणाला, काही नाही, इकडून चाललो होतो. इकडून कुठं जातो, तो तर महाडला राहायचा. सरांनी त्याच्या हातात खडू दिला आणि म्हणाले, "जा, माझा तास घे." पोरगा तास घेऊन बाहेर आला तो तोंड धुऊन आल्यासारखा. मग तो महिन्यातून एकदा यायचा. प्रिन्सिपल साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी सरांना बोलावून झाडलं, बाहेरचा माणूस वर्गात कसा, परवानगी कुठं आहे. सर म्हणाले, "बाहेरचा कुठं, आपणच बाहेर घालवलेला आहे." पण त्या पोराचं येणं बंद झालं ते झालंच.

गेल्या थंडीत आमची मंडळी गेली. दोन दिवसांचा ताप, महाडला नेलं, तिथून परत आणलं ते तसंच. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळे आले, सर पण आले. कोणी तरी त्यांना दोन शब्द बोला म्हणाले. सर उठून उभे राहिले, माईक हुंगल्यासारखा तोंडाजवळ धरला, आणि काहीच न बोलता परत बसले. लोकांना चमत्कारिक वाटलं. मला बरं वाटलं.

खानावळ बंद झाली. सर रोज संध्याकाळी माझ्या चुलीपाशी येऊन भात लावायचे. कधी करपलेला, कधी गिजगा. मी शिव्या द्यायचो. ते भात हुंगायचे आणि म्हणायचे, "दादा, आज जमलाय." जमलेला नसायचा. आम्ही दोघं खायचो.

आता बाईंचं सांगतो. सरांच्या विभागात तुडीलची एक मुलगी शिकवायची, तासिकेवर. रोज एसटीनं ये-जा. वडील मुंबईला नोकरीला, घरी आई. दुपारी आमच्याकडे जेवायची, आमचीला मामी म्हणायची. कॉलेजात सगळे मॅडम म्हणायचे, सर मात्र बाई म्हणायचे. शिकवणं असं की सर वळसा घालून जाताना मैदानातच थांबायचे, लांबून ऐकायचे. मेअखेरीस सर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी कायमचा माणूस मिळायचा नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. विभाग चालणार तो या मुलीवर. ती नसेल तर रसायन बंद, प्रयोगशाळेला कुलूप. मग कुडपण, चांदके तिकडच्या डोंगरातल्या वाड्यांवरच्या पोरी काही शिकायला महाडला जायच्या नाहीत. त्यांचे बाप त्यांना पोलादपूरपर्यंत पाठवतात हेच खूप.

आणि एप्रिलात तिला कंपनीनं बोलावलं. जूनअखेर हो की नाही सांगा म्हणाले.

मला वाटलं, हिला तरी सर अडवतील. सर म्हणाले, "रविवारी सवला जाऊ."

त्या वेळी डबा नव्हता. महाडच्या स्टँडवर वडापाव घेतला. ऊन नव्हतं फार. बाईंनी सलवार थोडी वर घेतली, पाय सोडले, आणि एकदम श्वास ओढला. सरांनी विचारलं. ती म्हणाली, पगार चांगला आहे सर. बसू, सर म्हणाले. मग म्हणाली, घरचे लग्नाचं बघतायत, तासिकेवरची म्हटलं की पुढचे विचारतात, म्हणजे नोकरी नाहीच ना. तेही बरोबर, बसू. मग ती नदीकडे बघत बसली. मग म्हणाली,

"सर, जूनमधला बाक."

सरांना कळलं नाही. मला कळलं. दर जूनला तासिकेवाल्यांची पुन्हा मुलाखत होते. वर्षानुवर्षं शिकवलेलं असलं तरी पुन्हा अर्ज, पुन्हा फाईल मांडीवर घेऊन प्रिन्सिपल साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसायचं, नवीन पोरांच्या रांगेत. शिपायानं नाव पुकारायचं. ती नावं मीच पुकारायचो माझ्या वेळेला.

ती म्हणाली, "गेल्या वर्षी माझीच एक विद्यार्थिनी तिथून चालली होती. मला बघून थांबली. म्हणाली, मॅडम, तुम्ही इथं कशाला बसलात? मी सांगितलं. तर म्हणाली, मॅडम, तुमचा नंबर लागू दे, मी देवीला बोलते. सर, मी तिला वर्षभर शिकवलं, आणि ती माझ्यासाठी नवस बोलते. मग आत गेले. आतले विचारतात, नाव सांगा, शिक्षण सांगा. सर, आत तुम्ही पण होतात."

सर विभागप्रमुख. मुलाखत घ्यायला ते असायचेच, नियमच आहे तसा. एवढी वर्षं जाणाऱ्या प्रत्येकाला इथं आणून ते विचारत होते, का चाललात. आणि दर जूनला आत खुर्चीवर बसून आपल्याच माणसाला नाव विचारत होते. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

मग तिनं विचारलं, "तुम्हाला पण कंपन्यांनी बोलावलं होतं म्हणतात. तुम्ही का राहिलात?"

हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. सगळे आपापलं सांगायचे आणि जायचे. सरांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे कशाला, मला वाटलं.

"वहिनी रोज रात्री वाढताना विचारायच्या," सर म्हणाले, "आज काय शिकवलंत. मग सांगायला लागायचं. नीट शिकवलं नसेल तर तेही सांगायला लागायचं, तोंड बघून ओळखायच्या. मी दुसऱ्या दिवशीचा तास, रात्री सांगता येईल असा घ्यायचो. कंपनीत मला हे कोण विचारणार होतं?"

ती असं विचारायची हे मला माहीत होतं. वाढताना तिची बडबड चालायचीच, त्यातलंच ते. मी तिला कितीदा म्हटलेलं, त्यांना जेवू दे की. ती म्हणायची, अवो, दिवसभर बोलून आलेत, कोणी ऐकलं का ते तरी बघू.

मी उठून नदीकडे गेलो. परत आलो तर बाई विचारत होती, "आणि आता?"

सर म्हणाले, "आता दादा विचारत नाही."

"मला काय कळतंय रसायन?" मी म्हटलं.

"वहिनींना तरी कुठं कळत होतं," सर म्हणाले.

मग त्यांनी बाईंना सांगितलं, तुमचं कारण खरं आहे, तुम्ही जा. येताना मिनीडोरमध्ये मी त्यांना सोडलं नाही. बाई पुढं बसलेली, ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलत होतो, तरी बोललो. म्हटलं, सर, तुम्ही येडे नाय, मूर्ख हाय. पोरगी गेली तर ती प्रयोगशाळा तुमच्या डोळ्यांदेखत बंद होणार. जरा थांब म्हणायला काय झालं होतं? सर म्हणाले, "थांब कुठल्या तोंडानं म्हणू? आत मीच बसायचो."

मेमध्ये सर निवृत्त झाले. समारंभ ठरला, सर आले नाहीत. शाल आणि नारळ नंतर शिपायानं घरी आणून दिला. नारळ मी फोडला, भातात घातला. भाऊ गावाहून फोन करत होता, कधी येतोस. सर म्हणायचे, जून होऊ दे.

जूनमध्ये मुलाखतीचा दिवस आला. सकाळी सर सफारी घालून दारात. "दादा, चल, कॉलेजात बसायचंय." कशाला, ते सांगितलं नाही. गेलो तर थेट केबिनबाहेर. बाकावर चारपाच नवी पोरं फायली घेऊन, आणि टोकाला बाई. तिनं अर्ज केला होता. मला म्हणाली, कंपनीला अजून कळवलं नाही मामा, एकदा शेवटचं बघते. सर तिच्या शेजारी जाऊन बसले. मला म्हणाले, "बस." मी बसलो. आमच्या दाटीनं पलीकडचा पोरगा उभाच राहिला. त्यानं सरांकडे नीट बघितलं आणि अदबीनं विचारलं, "सर, तुमचं नेट-सेट झालंय का?"

"अजून नाही," सर म्हणाले.

बाईला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

नवीन शिपाई बाहेर आला. सरांना बघून गोंधळला. म्हणाला, सर, तुम्ही इथं कुठं, आत या, तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय, जाणकार म्हणून तुम्हालाच बोलवायचं ठरलंय. सर म्हणाले, "मी बाईंना सोबत म्हणून आलोय. त्यांचं झालं की उठेन." शिपाई आत गेला, परत आला, परत आत गेला. येणारी-जाणारी पोरं थांबायला लागली. निवृत्त विभागप्रमुख बाकावर बसलेले त्यांनी कधी बघितलेले नव्हते. पोरींचा घोळका झाला. मग प्रिन्सिपल साहेब स्वतःच बाहेर आले.

"सर, हे बरं दिसतं का?" ते म्हणाले.

"नाही दिसत," सर म्हणाले. "मी आत होतो तेव्हा इथून कसं दिसतं ते कळलं नव्हतं."

साहेब वाईट माणूस नव्हे, नियमात अडकलेला. म्हणाला, मुलाखत तर घ्यायला लागणार, वरून आदेश आहे, माझ्या हातात काय आहे? सर म्हणाले, "घ्या की. फक्त नाव-गाव विचारू नका, ते तुम्हाला माहीत आहे. गेल्या वर्षी काय काय शिकवलं ते विचारा."

साहेबांनी एकदा त्या पोरींच्या घोळक्याकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. मग शिपायाला बाजूला करून म्हणाले, "मॅडम, या." नाव पुकारलं नाही.

बाई बराच वेळ आत होती. आत चहा गेला, थोड्या वेळानं आणखी एकदा चहा गेला. नवी पोरं घड्याळं बघायला लागली. ती बाहेर आली तेव्हा फाईल न उघडलेली तशीच हातात होती. सरांनी विचारलं, काय झालं?

"विचारलं, काय शिकवलं," ती म्हणाली. "सांगत बसले."

"ऐकलं का त्यांनी?"

"साहेब पहिल्यांदा मोबाईल बघत होते. मग ठेवला."

त्या संध्याकाळी तिनं कंपनीला नाही म्हणून कळवलं. मी म्हटलं, पोरी, पुढच्या जूनला पुन्हा तेच की गो. ती म्हणाली, तेव्हाचं तेव्हा, मामा. आठवड्यानं सरांनी खोली झाडून दिली, चावी माझ्या हातात ठेवली आणि घाटाच्या गाडीत बसले. जाताना मी त्यांना विचारलं नाही, का चाललात. त्यांनी मला विचारलं, जेवशील ना नीट? मी म्हटलं, तुमच्या भातापेक्षा बरंच जेवीन.

कॉलेज सुटलं की बाई स्टँडकडे जाताना आमच्या दारावरून जाते. पहिले काही दिवस हात करून गेली. एकदा मीच हाक मारली. ओट्यावर बस म्हटलं, पाणी दिलं. माझ्या तोंडातून नीट निघेना. ही आमची हे कसं सहज विचारायची, कोण जाणे. शेवटी विचारलं, "आज काय शिकवलंस गो?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग सांगायला लागली. कसलं तरी पाणी, त्यात थेंब थेंब दुसरं पाणी टाकायचं, आणि एका थेंबाला ते एकदम गुलाबी होतं. एका पोरीनं आज घाईत जास्त थेंब टाकले, सगळं गडद करून ठेवलं आणि रडायला लागली. मला काही समजलं नाही. मी विचारलं, मग? तिनं पहिल्यापासून परत सांगितलं. तुडीलकडची एसटी आली आणि गेली. ती सांगतच होती.